अमेरिकी नागरिकत्वाचा अर्ज आणि वाहतुकीची किरकोळ तिकिटे: काय सांगायचे आणि कोणते कागद जोडायचे

ग्रीन कार्डावर राहणाऱ्या व्यक्तीला अमेरिकेचे नागरिकत्व घ्यायचे असेल, तर एन-४०० हा अर्ज भरावा लागतो, आणि त्या अर्जातील एका प्रश्नापाशी अगदी सरळमार्गी माणूसही अडखळतो. आपल्याला आजवर कधीही, कोणत्याही कारणाने, अमेरिकेत किंवा अन्यत्र, पोलिसांनी अटक केली आहे का, ताब्यात घेतले आहे का किंवा ‘साइट’ केले आहे का, असा त्या प्रश्नाचा आशय आहे. गंभीर गुन्ह्यांविषयीच्या प्रश्नांच्या रांगेत तो बसवलेला असल्याने वाचणारा सहजच ‘नाही’वर खूण करून पुढे सरकतो. मात्र पोलिसाने आपल्या नावाने लेखी तिकीट देणे हाच ‘साइट’ करण्याचा अर्थ आहे आणि ‘कधीही’ हा शब्द अर्जात मुद्दाम मोठ्या, ठळक अक्षरांत छापलेला आहे. त्यामुळे वेगमर्यादा ओलांडल्याचे, स्टॉप साइनपाशी गाडी पूर्ण न थांबवल्याचे किंवा गाडी चालवताना फोन हातात धरल्याचे तिकीट या प्रश्नाच्या कक्षेत येते.

गोंधळ होतो तो अर्जासोबतच्या सूचनापत्रकातील एका टिपेमुळे. दारूशी किंवा अमली पदार्थांशी संबंध नसेल, प्रत्यक्ष अटक झालेली नसेल आणि शिक्षा केवळ ५०० डॉलरपेक्षा कमी दंड किंवा लायसन्सवरील पॉइंट (उल्लंघनाबद्दल नोंदवले जाणारे दोषांक) एवढीच असेल, तर अशा वाहतूक-प्रसंगाची कागदपत्रे जोडण्याची गरज नाही, असे ती टीप सांगते. ही सवलत कागदपत्रांपुरती आहे, उत्तरापुरती नाही. पण ओळखीपाळखीत ती तोंडोतोंडी जाता जाता ‘पाचशेच्या आतले तिकीट सांगायची गरज नाही’ अशी होऊन बसते. मंडळातल्या लोकांचे अर्ज भरायला मी अधूनमधून मदत करतो आणि दर वेळी हेच वाक्य नव्याने ऐकतो. प्रश्नाला ‘होय’ म्हणावे, खालच्या तक्त्यात तिकिटाची नोंद करावी आणि कागद मात्र टिपेच्या अटींत बसत असतील तर जोडू नयेत, असा या दोन्ही मजकुरांचा एकत्र अर्थ आहे.

अर्ज कोण करू शकतो

अर्जदाराचे वय किमान १८ वर्षे असावे लागते आणि त्याच्याकडे सामान्यतः ५ वर्षे ग्रीन कार्ड असावे लागते. अमेरिकी नागरिक असलेल्या जोडीदारासोबत वैवाहिक जीवन चालू असेल, तर ही मुदत ३ वर्षांची आहे. या मुदतीपैकी किमान निम्मा काळ, म्हणजे अनुक्रमे ३० किंवा १८ महिने, अर्जदार प्रत्यक्ष अमेरिकेत असला पाहिजे. मुदत पूर्ण होण्याच्या ९० दिवस आधी अर्ज दाखल करता येतो. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरांनुसार ऑनलाइन अर्जाचे शुल्क ७१० डॉलर आणि कागदी अर्जाचे ७६० डॉलर आहे.

तिकिटांचा संबंध येतो तो यापुढच्या अटीशी. वरील ५ किंवा ३ वर्षांत आणि पुढे शपथ घेईपर्यंत अर्जदाराचे नैतिक आचरण चांगले असल्याचे सिद्ध व्हावे लागते. त्याआधीचे वर्तनही अधिकारी विचारात घेऊ शकतो. आचरणाची तपासणी प्रामुख्याने या मुदतीपुरती असली, तरी तिकिटाविषयीच्या प्रश्नाला अशी कोणतीही मुदत नाही, हा फरक ध्यानात ठेवावा. बारा वर्षांपूर्वी विद्यार्थी व्हिसावर असताना, जुनी गाडी घेऊन मित्रांसोबत नायगारा पाहायला निघालेलो असताना मिळालेले तिकीट आचरणाच्या दृष्टीने नगण्य असेल, पण प्रश्नाचे उत्तर मात्र ‘होय’ असेच राहते.

कोणते तिकीट, कोणते नाही

गाडी थांबवून पोलिसाने केवळ तोंडी समज दिली आणि सोडून दिले, तर त्याला सर्वसाधारणपणे ‘साइट’ करणे म्हणत नाहीत. काचेच्या वायपरखाली अडकवलेले पार्किंगचे तिकीट आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या वेगाचे घरपोच आलेले पत्र यांचे स्वरूपही वेगळे आहे. उदाहरणार्थ, न्यूयॉर्क शहरात वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा दंड ५० डॉलर असतो, तो गाडीच्या नोंदणीकृत मालकावर बसतो आणि त्याने लायसन्सवर पॉइंट पडत नाहीत. चालकाला कोणत्याही अधिकाऱ्याने थांबवलेलेच नसल्याने अशी पत्रे तक्त्यात लिहिण्याची आवश्यकता मला वाटत नाही. मात्र ती भरलेली असावीत आणि मुलाखतीत विषय निघालाच तर मोकळेपणाने सांगावीत.

आपल्याकडच्या पावतीचे काय, हा प्रश्न हमखास निघतो. कॉलेजात असताना पुण्यात हेल्मेट नाही म्हणून किंवा सिग्नल तोडला म्हणून चौकातल्या हवालदाराने फाडलेली पावती कोणी जपून ठेवलेली नसते. तरीही प्रश्नात ‘अमेरिकेत किंवा अन्यत्र’ असे शब्द असल्याने, आठवत असेल तर अर्जाच्या अतिरिक्त माहितीच्या पानावर अंदाजे वर्ष, शहर, कारण आणि दंड जागेवरच भरल्याची एक ओळ लिहावी. त्यासाठी पुण्यातल्या नातेवाइकांना चौकीत धाडण्याचे कारण नाही.

याउलट, दिसायला साधे असलेले काही तिकीट कायद्याच्या नजरेत गुन्हा ठरते आणि खरी काळजी तिथे घ्यावी लागते. व्हर्जिनियात वेगमर्यादेपेक्षा ताशी २० मैल किंवा अधिक वेगाने, अथवा मर्यादा काहीही असली तरी ताशी ८५ मैलांच्या वर गाडी चालवणे म्हणजे ‘रेकलेस ड्रायव्हिंग’, अर्थात पहिल्या वर्गाचा मिसडिमिनर (कमी गंभीर प्रकारचा फौजदारी गुन्हा) आहे. त्याला १२ महिन्यांपर्यंत कैद आणि २,५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस हातात देतो तो कागद साध्या तिकिटासारखाच असतो, त्यामुळे लोक तेही ‘स्पीडिंगच’ समजतात. निलंबित लायसन्सवर गाडी चालवणे किंवा अपघात करून न थांबता निघून जाणे हीदेखील किरकोळ तिकिटे नव्हेत. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल वरील ५ किंवा ३ वर्षांच्या मुदतीत दोन किंवा अधिक वेळा दोषी ठरलेल्या व्यक्तीचे आचरण चांगले नाही, असे गृहीत धरण्याचा निर्णय अमेरिकेच्या ॲटर्नी जनरलने २०१९ मध्ये दिला आहे. यांपैकी काहीही घडलेले असेल, तर अर्ज भरण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. ती फी वाचवू नये.

तक्त्यातील नोंद आणि कागदपत्रे

तक्त्यात गुन्ह्याचे किंवा उल्लंघनाचे स्वरूप, तारीख, ठिकाण, प्रकरणाचा निकाल आणि शिक्षा लिहायची असते. माझी स्वतःची नोंद ‘वेगमर्यादेचे उल्लंघन, न्यू जर्सी, दोष मान्य, दंड ८५ डॉलर, पूर्ण भरला, अटक नाही’ एवढीच होती. तिकीट कसे मिळाले, रस्ता उताराचा कसा होता आणि मागचा ट्रक किती जवळ आला होता, हे तिथे लिहू नये. ज्यांची तिकिटे अनेक आहेत, त्यांनी प्रत्येकाची स्वतंत्र नोंद करावी; तक्ता अपुरा पडला तर अतिरिक्त माहितीचे पान वापरावे.

तारखा आठवत नसतील, तर राज्याच्या मोटार वाहन खात्याकडून आपल्या लायसन्सचा इतिहास मागवावा. याला न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणतात. मात्र त्यावर विसंबून राहताना तो किती वर्षांचा आहे ते पाहावे, कारण न्यू जर्सीत ऑनलाइन मिळणारा ॲबस्ट्रॅक्ट ५ वर्षांचा असतो आणि अर्जातला प्रश्न संपूर्ण आयुष्याचा आहे. जी व्यक्ती टेक्सासमध्ये शिकली, मिशिगनमध्ये पहिली नोकरी केली आणि आता न्यू जर्सीतील एडिसनला राहते, तिने तिन्ही राज्यांतील नोंदी तपासलेल्या बऱ्या.

कागदपत्रे जोडावी लागतील अशा प्रकरणात न्यायालयाचे प्रमाणित ‘डिस्पोझिशन’, म्हणजे अंतिम निकालाचा शिक्क्याचा कागद, आणि दंड भरल्याचा पुरावा लागतो. तिकीट ज्या गावच्या हद्दीत मिळाले त्या न्यायालयाच्या क्लार्ककडे तिकिटाचा क्रमांक किंवा नाव व जन्मतारीख देऊन तो मागता येतो. ५०० डॉलरच्या हिशेबात न्यू जर्सीतील अर्जदारांनी विशेष लक्ष घालावे. पॉइंट पडू नयेत म्हणून तिथे अनेकजण स्पीडिंगऐवजी ‘अनसेफ ड्रायव्हिंग’ कबूल करतात. त्याचा पहिल्या वेळचा मूळ दंड ५० ते १५० डॉलर असला, तरी त्यावर २५० डॉलरचा अधिभार आणि न्यायालयाचा खर्च चढतो, त्यामुळे पावतीवरचा आकडा चारशेच्या पुढे जाऊ शकतो. अशा एका पावतीत विलंब शुल्क मिसळले, की मर्यादा हाकेच्या अंतरावर येते. आकडा ५०० च्या आसपास असेल, तर दंड कोणता आणि खर्च कोणता याचा खल करत बसण्यापेक्षा निकालाचा कागद जोडून टाकावा. तसेच अशा तडजोडीत मूळ आरोप आणि कबूल केलेले उल्लंघन ही दोन्ही नोंदवावीत.

प्रकरण अद्याप चालू असेल किंवा दंड थकलेला असेल, तर आधी ते निकालात काढावे. प्रोबेशन, पॅरोल किंवा स्थगित शिक्षा पूर्ण होईपर्यंत अर्ज मंजूर होत नाही, असा स्पष्ट नियम आहे.

मुलाखत, आणि लपवण्याचा धोका

बोटांच्या ठशांवरून होणाऱ्या तपासणीत अटकेच्या नोंदी येतात, साधी तिकिटे सहसा येत नाहीत, आणि म्हणूनच ‘कोणाला कळणार’ हा विचार मनात येतो. पण मुलाखतीच्या आरंभी अर्जदाराला सत्य सांगण्याची शपथ दिली जाते आणि अधिकारी हाच प्रश्न तोंडी विचारतो. नागरिकत्व मिळवण्याच्या हेतूने शपथेवर खोटे सांगणे हा कायद्याने चांगल्या आचरणाला थेट बाध आहे, आणि ते खोटे महत्त्वाच्या बाबीविषयी असलेच पाहिजे असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या कुंग्यस खटल्यात स्पष्ट केले आहे. मिळालेले नागरिकत्व खोट्या विधानाबद्दलच्या फौजदारी खटल्यातून काढून घ्यायचे, तर त्या खोट्याचा नागरिकत्व मिळण्यात वाटा होता हे सरकारला दाखवावे लागते, असे त्याच न्यायालयाने २०१७ च्या मास्लेन्याक खटल्यात म्हटले. तो दिलासा नागरिकत्व मिळाल्यानंतरचा आहे. मुलाखतीच्या टेबलावर त्याचा उपयोग नाही. जे तिकीट सांगितल्याने अर्जाला सहसा काहीही होत नाही, त्यासाठी एवढी जोखीम घेण्यात शहाणपण दिसत नाही.

खरोखरच विसर पडला असेल, तर घाबरून जाऊ नये. त्या प्रश्नावर आल्यावर अधिकाऱ्याने विचारण्यापूर्वी आपणहून सांगावे. अधिकारी अर्जावर दुरुस्ती करतो, तिला क्रमांक देतो आणि शेवटी अमुक क्रमांकापर्यंतच्या दुरुस्त्या मान्य असल्याबद्दल अर्जदाराची सही घेतो.

एका बदलाची दखल घ्यावी लागेल. १५ ऑगस्ट २०२५ रोजी यूएससीआयएसने (नागरिकत्वाचे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याने) काढलेल्या धोरणपत्रात आचरणाचा विचार अधिक काटेकोरपणे आणि सर्वांगाने करण्यास अधिकाऱ्यांना सांगितले आहे, आणि त्यात बेदरकार किंवा सवयीने केलेल्या वाहतूक-उल्लंघनांचा उल्लेख आहे. एकदोन तिकिटांनी सवय ठरत नाही. पण पाच वर्षांत सात-आठ तिकिटे जमलेल्या अर्जदाराने सर्व पावत्या, ॲबस्ट्रॅक्ट आणि केला असल्यास डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगच्या वर्गाचे प्रमाणपत्र मुलाखतीला सोबत न्यावे.

मुलाखत उत्तीर्ण झाल्यावर हा विषय संपला असे बहुतेकांना वाटते. शपथविधीच्या सूचनेसोबत एन-४४५ हा फॉर्म येतो. त्यात मुलाखतीनंतरच्या काळाविषयी प्रश्न असतात आणि त्यांपैकी एकात वाहतुकीच्या उल्लंघनांचा शब्दशः उल्लेख आहे. हा फॉर्म शपथेच्या दिवशीच भरायचा असतो, कारण उत्तर त्या दिवसापर्यंतचे द्यायचे आहे. आठवडाभर आधी भरून ठेवलेला फॉर्म तिकीट आदल्या दिवशी मिळाले तर चुकीचा ठरतो. मधल्या काळात तिकीट मिळालेच, तर उत्तर ‘होय’ लिहावे आणि तिकीट व दंड भरल्याची पावती ग्रीन कार्डासोबत त्याच फाइलीत ठेवावी. सभागृहात बसण्यापूर्वी तपासणीच्या खिडकीपाशी फॉर्म घेणारा अधिकारी ती पाहायला मागू शकतो.