नाका कंपनीचा, कोंडी आपली
ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, गायमुखच्या चढावर एखादा ट्रेलर बंद पडला की गाड्यांची रांग बघता बघता माजिवड्याच्या दिशेने सरकू लागते. 'ठाण्यात माणसंच फार झाली' हे वाक्य मग ठरलेलं. माणसं वाढली हे खरंच: २००१च्या जनगणनेत महापालिका हद्दीत साधारण साडेबारा लाख, २०११ला १८.४ लाख. पण कोंडीचं मूळ शोधायचं तर आधी नाक्यांची नावं वाचावीत.

नितीन कंपनी, कॅडबरी, गोल्डन डाईज. रिक्षावाल्याला 'गोल्डन डाईज' म्हटलं की तो बरोबर सोडतो. तिथे काय बनायचं, हे ना त्याला ठाऊक ना आपल्याला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली औद्योगिक वसाहत ठाण्यातच झाली, वागळे इस्टेट. पोखरण रोड, कोलशेत, माजिवडा इथेही कारखाने होते. कारखान्याच्या रहदारीला घड्याळ असतं. पाळी सुटली की गर्दी, अधूनमधून मालाचे ट्रक, एरवी शुकशुकाट. पुढे बरेच कारखाने बंद पडले किंवा हलले, जमिनीला सोन्याचा भाव आला आणि भोंग्यांच्या जागी टॉवर उभे राहिले. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ ही तर मुळात गावंच. रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल आले, नाही असं नाही. पण पुलावरून सुटलेली गाडी उतरताना पुढच्या रांगेतच अडकते.

त्यात बंदराची भर. १९८९ला न्हावाशेवा सुरू झालं. तिथून गुजरातकडे निघालेले कंटेनर शिळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव करत माजिवड्याला येतात आणि घोडबंदर रोड धरतात. घोड्यांच्या व्यापारावरून घोडबंदर हे नाव पडलं असं सांगतात, म्हणजे परक्याचा माल वाहणं या वाटेला नवीन नाही. फक्त तेव्हा शेजारून शाळेची बस जात नव्हती. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसरीकडे खाडी. दुसरा रस्ता काढायचा तरी कुठून? अवजड वाहनांना वेळा ठरवून दिल्या, तर अडवून ठेवलेले ट्रेलर वेळ झाली की एकदमच सुटतात.

१६ एप्रिल १८५३ला देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली, याचा आपल्याला कोण अभिमान! घोडबंदर पट्ट्यात मात्र रेल्वे गेलीच नाही. कासारवडवलीचा माणूस लोकल पकडायला बसने, रिक्षाने, बाईकने ठाणे स्टेशनच गाठणार. स्टेशनबाहेरची गर्दी उचलायला सॅटिसचा, म्हणजे स्टेशन परिसर वाहतूक सुधारणा योजनेचा पूल बांधला. तिथवर पोचायचा रस्ता जमिनीवरच राहिला. मग वडाळा–कासारवडवली मेट्रो निघाली आणि तिच्या पत्र्यांनी वर्षानुवर्षं आहे तो रस्ताही खाल्ला.

आता आशा ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्यावर. जोडरस्त्यांसह प्रकल्पाची लांबी ११.८ किलोमीटर, भूमिपूजन जुलै २०२४मध्ये झालं. बोरिवली जवळ येईल खरी. पण बोगद्याचं ठाण्याकडचं तोंड मानपाड्याला, टिकुजिनीवाडीपाशी; तिथून बाहेर पडणारी गाडी पुन्हा घोडबंदर रोडकडेच येणार.