वनस्पतिजन्य लिगँडांचे धातू-उत्प्रेरक

लहान रेणूंची साखळी गुंफून प्लॅस्टिक घडवणाऱ्या धातूच्या अणूला वनस्पतींपासून मिळवलेल्या रेणूंनी वेढले, की वनस्पतिजन्य लिगँडांचा धातू-उत्प्रेरक तयार होतो. धातूला धरून ठेवणारा रेणू म्हणजे लिगँड. साखळी जोडतो धातू. पण ती किती वेगाने आणि कोणत्या क्रमाने वाढेल, हे बरेचसे लिगँड ठरवतो.

ठाणे-बेलापूर पट्ट्याला धातूचे उत्प्रेरक नवे नाहीत. नोसिल या रसायन कंपनीचा नाफ्था क्रॅकर, म्हणजे खनिज तेलातला नाफ्था तोडून इथिलीनसारखे लहान रेणू बनवणारा कारखाना, इथे १९६८ मध्ये सुरू झाला आणि याच पट्ट्यात इथिलीनपासून एचडीपीई हे प्लॅस्टिक बनू लागले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल झीग्लर यांनी १९५३ मध्ये शोधलेली एचडीपीईची पद्धत टायटॅनियम क्लोराइड आणि ॲल्युमिनियम अल्किल यांवर चालते. त्यात झाडापानांचा काही संबंध नव्हता.

आपल्याकडचा सर्वांत जवळचा लिगँड मात्र काजूच्या टरफलात आहे. एप्रिल-मेमध्ये ठाण्याच्या बाजारात ओले काजूगर विकणाऱ्या बायकांची बोटे पाहावीत: काळी पडलेली, सालपटे निघालेली. टरफलातले तेल बिब्ब्यासारखेच अंगावर उतते. दोन्ही झाडे एकाच कुळातली. या तेलात मुख्यतः ॲनाकार्डिक आम्ल असते. ते तापवले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरते, म्हणजे १५ कार्बनची लांब शेपटी असलेले फिनॉल. त्यावर अल्डिहाइड हा अणुगट बसवून ते डायअमाइनशी, म्हणजे दोन नायट्रोजन-टोके असलेल्या रेणूशी, जोडले, की ‘सालेन’ जातीचा लिगँड मिळतो. दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन अशा चार टोकांनी तो जस्त किंवा ॲल्युमिनियम पकडतो, आणि शेपटीमुळे तेलकट द्रावकांत सहज विरघळतो. फेकून द्यायच्या टरफलातून इतकी नेमकी पकड मिळावी, ही या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे. कापूर आणि लाकडातल्या लिग्निनपासूनचे व्हॅनिलिन वापरूनही लिगँड बनवतात.

मुख्य उपयोग पॉलिलॅक्टिक आम्ल अर्थात पीएलए हे प्लॅस्टिक बनवताना होतो. ऊस किंवा मक्याच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि त्यापासून लॅक्टाइडचे कडे तयार करतात. धातू त्या कड्याचा ऑक्सिजन धरतो, कडे उघडते आणि धातू व साखळी यांच्यामध्ये शिरते. कारखान्यांत या कामी कथिलाचे ऑक्टोएट चालते. उत्प्रेरकाचा अंश प्लॅस्टिकमध्येच राहतो, म्हणून अन्नाच्या वेष्टनांसाठी कथिलाऐवजी जस्त, मॅग्नेशियम, लोह यांच्याकडे ओढा आहे.

लिगँड झाडाचा असला म्हणून प्लॅस्टिक कुजते, हा समज चुकीचा आहे; उत्प्रेरक अगदी किंचित लागतो. पीएलए स्वतःसुद्धा कुजायला सुमारे ६० अंश सेल्सिअसचे खतघर मागते, ठाणे खाडीच्या खारफुटीत अडकलेला पेला वर्षानुवर्षे तसाच राहू शकतो.

या कामाचा खरा शत्रू ओलावा. पाण्याचा प्रत्येक रेणू नवी साखळी सुरू करतो, त्यामुळे साऱ्याच साखळ्या आखूड राहतात. म्हणून रबाळे-महापे भागातल्या पावसाळी हवेत लॅक्टाइड आधी नीट सुकवावे लागते, टोल्युइन हा द्रावक कोरडा करून घ्यावा लागतो आणि भांड्यात कोरडा नायट्रोजन भरल्यावरच उत्प्रेरक सोडावा लागतो.