तरुण वयात हार्टचा त्रास: जन आरोग्य योजनेत कोण बसतं, कागद कोणते लागतात?

रात्रपाळी करून आलेला एकोणतीस वर्षांचा मुलगा छातीत जड वाटतंय म्हणतो, घाम पुसतो. घरचे म्हणतात, ॲसिडिटी असेल, सोडा घे. सकाळी कार्डिओग्राम काढल्यावर डॉक्टरांचा चेहरा बदलतो. पुढचा खोळंबा होतो तो कागदांपाशी: रेशनकार्ड गावाकडे, त्यावर नाव ‘बाळू’, आधारवर ‘विठ्ठल’. म्हाताऱ्यांचे कागद मुलांनी कधीच जुळवून ठेवलेले असतात, स्वतःचे मात्र तसेच पडलेले. म्हणून ही माहिती खास पंचवीस-पस्तिशीतल्यांसाठी.

महाराष्ट्रात मुख्य आधार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा, जी आता केंद्राच्या आयुष्मान भारतसोबत एकत्र चालते. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. ते माणशी नाही, सगळ्या घराचं मिळून. पूर्वी पिवळ्या-केशरी कार्डाची अट होती. आता पांढरं कार्डही चालतं, आणि कार्डच नसेल तर अधिवास प्रमाणपत्रावर पात्रता ठरते. अँजिओप्लास्टी, बायपास, झडप बदलणं, पेसमेकर हे सगळं यात येतं. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शाळा-अंगणवाडी तपासणीतला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम वेगळा आहे.

कागद मोजकेच: रेशनकार्ड (ऑनलाइन नोंदीचा बारा अंकी नंबर असलेलं), आधार, आणि डॉक्टरांचे रिपोर्ट. खरी मेख नावात असते. लग्न झालेल्या मुलीचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नसतं, म्हणजे ती कुठेच नाही. पुण्या-मुंबईला नोकरीला आलेल्याचं नाव वडिलांच्या कार्डावर असेल तर काही बिघडत नाही, उपचार राज्यातल्या कुठल्याही संलग्न रुग्णालयात होतात. पण नाव, जन्मतारीख आधारशी जुळायला हवी. ही दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा शहरात शिधावाटप कार्यालयात होते, आणि ती छातीत कळ आल्यावर एका दिवसात होत नाही. कार्ड नीट असेल तर आधारच्या ओटीपीने आयुष्मान कार्ड मोबाइलवरही निघतं. जमत नसेल तर आशाताई किंवा सेवा केंद्रवाले काढून देतात.

आता रुग्णालयात. रुग्णालय योजनेत आहे म्हणजे तिथे हृदयरोगाचे उपचार योजनेतून होतातच असं नाही, संलग्नता आजाराच्या विभागानुसार असते. हे योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर फोन करून आधी विचारा. आत गेल्यावर आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं टेबल शोधा, बहुधा नोंदणी खिडकीच्या आसपास असतं. तो नोंदणी करतो, मग रुग्णालय तपासण्यांचे कागद चढवून पूर्वमंजुरी मागतं. अँजिओप्लास्टीसाठी अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि ब्लॉक दिसणारी चित्रं लागतात, तेव्हा सीडी घरी विसरू नका. अटॅकच असेल तर मंजुरीची वाट बघायची नसते. १०८ ला फोन करा, जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढा. योजनेत तातडीची परवानगी फोनवर घेण्याची सोय आहे, कागद नंतर देता येतात.

एक बारीक गोष्ट. ईसीजीचा तो गुळगुळीत कागद काही महिन्यांत पुसट होतो आणि लॅमिनेट केला तर काळा पडतो. लगेच झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो ठेवा. जुना ईसीजी हाताशी असला की नवा बदल कोणता, हे डॉक्टरांना पटकन कळतं.

योजना कॅशलेस आहे. आधी बिल भरलं आणि मग योजनेतून परत मागितलं, असं होत नाही. म्हणून ‘आत्ता भरा, नंतर बघू’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याच १५५३८८ वर तक्रार करा.

योजनेत बसलं नाही तर दोन दारं उरतात. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढून ठेवा. दुसरं मुख्यमंत्री सहायता निधी: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत असल्याचा दाखला, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, आधार, रेशनकार्ड, रिपोर्ट. अर्ज बिल भरण्याआधीच करायचा. पगारातून ईएसआयसी (कामगार विम्याची वर्गणी) कापली जात असेल तर तो रस्ता आधी तपासा, हे अनेक कामगारांच्या लक्षातच येत नाही.

आणि आजार व्हायच्या आधीचं? आशाताई घरोघरी जी बीपी-शुगरची नोंद करतात ती ३० वर्षांवरच्यांची. पंचविशीतल्याला कुणी बोलवायला येणार नाही. वडिलांना किंवा काकांना पन्नाशीच्या आत अटॅक आला असेल, तंबाखू-सिगारेट चालू असेल, तर स्वतःहून उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयाच्या असंसर्गजन्य आजारांच्या बाह्यरुग्ण विभागात जा. केसपेपर काढा, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल बघून घ्या. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता आणि आता जिना चढताना धाप लागते, अशांनी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी करून घ्यावी. संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या झडपा आपल्याकडे तरुणपणीच सापडतात. त्यांना दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सांगितलेलं असेल तर ते चुकवायचं नाही.

अँजिओप्लास्टी होऊन घरी सोडल्यावर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधं पॅकेजमध्येच असतात. त्यानंतरची औषधं सरकारी रुग्णालयातून घेता येतात. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकला असेल तर रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या साधारण वर्षभर चालतात. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्यातली एकही स्वतःच्या मनाने बंद करू नका. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचं स्टिकर आहे का, हे निघताना बघून घ्या.