प्लग-इन सौर संच : सुरक्षा व नोंदणी

कठड्याला किंवा गच्चीवर बसवलेली एक-दोन सौर पॅनेल, पॅनेलची डीसी (एकाच दिशेने वाहणारी) वीज घरातल्या एसी विजेत बदलणारा एक छोटा इन्व्हर्टर आणि घरातल्या सॉकेटमध्ये खोचायचा प्लग, एवढ्यात हा संच आटोपतो. तयार झालेली वीज आधी घरातली उपकरणे ओढतात. उरलेली मीटरमधून ग्रिडकडे, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याकडे, जाते.

संच लहान म्हणून धोकाही लहान, हा समज घातक आहे. इन्व्हर्टर ग्रिडचा दाब आणि वारंवारता सतत तपासतो व ग्रिड गेली की क्षणार्धात बंद पडतो. म्हणून तर भर उन्हातही वीज गेली की या संचावर साधा दिवा लागत नाही. ग्राहकाला हे खटकते. पण लाइन बंद करून खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव यावरच असतो. उपसलेल्या प्लगच्या उघड्या पिनांमध्ये वीज राहत नाही तीही यामुळेच. प्रमाणित नसलेला स्वस्त इन्व्हर्टर घेऊ नये तो याचसाठी. पॅनेलची डीसी बाजू मात्र उजेड असेपर्यंत जिवंत असते. चालू भारावर तिचा कनेक्टर ओढला तर ठिणगी धरून राहते.

खरी मेख भिंतीतल्या वायरिंगमध्ये आहे. ८०० वॅटचा संच २३० व्होल्टवर सुमारे ३.५ अँपिअर देतो. त्या सर्किटवर १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडून सर्किट तोडणारा स्विच) असेल, तर त्याला फक्त बोर्डाकडून येणारा प्रवाह कळतो, संचाकडून येणारा नाही. वायरच्या एखाद्या तुकड्यातून १९.५ अँपिअर वाहिले तरी एमसीबी पडत नाही आणि वायर तापत राहते. जुन्या वायरिंगच्या घरात आधी वायरमनला दाखवावे. एका सर्किटवर दोन संच किंवा एक्स्टेंशन बोर्ड नकोच.

नोंदणीचे नियम देशागणिक वेगळे आहेत. युरोपीय संघाची २०१६ ची ग्रिड-जोडणी नियमावली ८०० वॅटपासून पुढच्या जनित्रांना लागू होते. जर्मनीत मे २०२४ पासून इन्व्हर्टर ८०० व पॅनेल २००० वॅटपर्यंत असल्यास वीज कंपनीला वेगळे कळवावे लागत नाही. केंद्रीय नोंदवहीत ऑनलाइन नोंद पुरते. अमेरिकेतील युटा राज्याने २०२५ मध्ये १२०० वॅटपर्यंतच्या संचांना वीज कंपनीशी करायच्या जोडणी-करारातून सूट दिली.

नोंदणीचा संबंध मीटरशीही येतो. चकतीचे जुने मीटर उलटे फिरू शकते, तर दिशा न ओळखणारे काही डिजिटल मीटर बाहेर गेलेली वीजही वापरात धरून बिल वाढवतात.