बिलिंग सॉफ्टवेअरमागील डेटाबेस सर्व्हरची सुरक्षा : जिनिंग, अडत व कृषी केंद्रचालक ग्राहकांसाठी माहिती

काटापट्टी निघते किंवा कृषी केंद्रातील उधारीचे खाते उघडते, तेव्हा ती नोंद सांभाळणारा डेटाबेस सर्व्हर आपल्याच संगणकात पडद्यामागे चालू असतो. आमच्या ग्राहकांकडे तो बहुधा मायएसक्यूएल किंवा एसक्यूएल सर्व्हर असतो. त्यात सुरक्षेची त्रुटी आढळली, तर तिची दुरुस्ती मूळ कंपनी अपडेटच्या रूपाने देते. मात्र ते अपडेट आपल्या संगणकावर बसवावे लागते.

२५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा अवघ्या ३७६ बाइटचा घातक प्रोग्रॅम एसक्यूएल सर्व्हर २००० मधील एका त्रुटीतून पसरला आणि त्याने किमान ७५ हजार संगणक बाधित केले, त्यांपैकी बहुतेक पहिल्या दहा मिनिटांतच. मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीची दुरुस्ती सहा महिने आधी, जुलै २००२ मध्येच दिली होती. परंतु हा डेटाबेस दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत आपल्या संगणकात आला आहे, याची अनेकांना कल्पनाच नव्हती. आपली स्थिती नेमकी तशीच असू शकते, म्हणून हे पत्रक.

पासवर्ड अवघड ठेवला म्हणजे झाले, असे कृपया समजू नये. २०१२ मध्ये मायएसक्यूएलच्या काही आवृत्त्यांत अशी त्रुटी सापडली की चुकीचा पासवर्डही सरासरी २५६ प्रयत्नांत एकदा स्वीकारला जाई. यास्तव घरून हिशेब पाहता यावा म्हणून राउटरवर ३३०६ किंवा १४३३ हा पोर्ट (बाहेरून डेटाबेसपर्यंत पोहोचण्याचा क्रमांकित मार्ग) इंटरनेटसाठी खुला ठेवला असल्यास तो बंद करावा, असा आमचा आग्रह आहे. ही सोय काही ठिकाणी आम्हीच करून दिली होती; तिथे आम्ही विनामूल्य व्हीपीएन (इंटरनेटवरून आपल्या संगणकाशी जोडणारा सुरक्षित खाजगी मार्ग) बसवून देऊ.

मायएसक्यूएल ५.७ ची नियमित दुरुस्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, तर एसक्यूएल सर्व्हर २०१४ ची जुलै २०२४ मध्ये थांबली. या आवृत्त्या वापरणाऱ्यांचे काम आम्ही आधी घेऊ.

कापसाची आवक वाढल्यावर संगणक दोन तासही थांबवता येत नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून पोळा ते दसरा हा काळ सोयीचा. अपडेट चालू असताना लाइन गेल्यास डेटा बिघडू शकतो, त्यामुळे इन्व्हर्टरची बॅटरी आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करून ठेवावी. आमचा माणूस प्रथम संपूर्ण बॅकअप घेईल, तो दुसऱ्या संगणकावर उघडून मागील हंगामातील एक चुकारा आपल्याला दाखवील आणि आपण होकार दिल्यावरच अपडेट सुरू करील.