वर्तुळ ध्रुवित प्रस्फुरण देणारे सेंद्रिय स्फटिक

काही सेंद्रिय संयुगांचे स्फटिक अतिनील दिवा विझवल्यावरही खोलीच्या तापमानाला थोडा वेळ उजळत राहतात. त्यांतल्या मोजक्या स्फटिकांचा उजेड डावा किंवा उजवा पीळ घेऊन बाहेर पडतो. मागे रेंगाळणारा उजेड म्हणजे प्रस्फुरण (फॉस्फोरेसन्स), आणि त्याचा पीळ म्हणजे वर्तुळ ध्रुवण.

प्रस्फुरणाची गल्लत अनुदीप्तीशी (फ्लुओरेसन्स) होते. विदर्भातल्या कोणत्याही धुऱ्यावर रात्री अतिनील टॉर्च फिरवला, तर दगडाखालचा विंचू हिरवट-निळा चमकतो. बटण बंद करताच तोही दिसेनासा होतो. ही अनुदीप्ती, कारभार नॅनोसेकंदांचा. बंडीच्या मागे लावलेली ‘रेडियम’ पट्टी तर स्वतः उजळतच नाही, समोरच्या गाडीचा प्रकाश परतवते. प्रस्फुरणात उत्तेजित इलेक्ट्रॉनाचे स्पिन, म्हणजे त्याचा फिरकीसारखा अंगभूत गुण, उलटते आणि रेणू ट्रिप्लेट अवस्थेत, म्हणजे दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन एकाच दिशेचे असलेल्या अवस्थेत, अडकतो. तिथून खाली यायची वाट पुंजयामिकीने जवळजवळ बंद केलेली असल्याने प्रकाश मिलिसेकंद ते सेकंद इतका रेंगाळतो. हा ट्रिप्लेटचा खुलासा लुईस आणि काशा या रसायनशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये मांडला.

एवढ्या वेळात रेणूची थरथर आणि हवेतला ऑक्सिजन ती ऊर्जा खाऊन टाकतात. म्हणून सेंद्रिय प्रस्फुरण पाहायला पूर्वी बहुधा द्रव नायट्रोजन, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअस, लागे. स्फटिकात रेणू शेजाऱ्यांच्या दाटीत जखडतो आणि ऑक्सिजनलाही आत शिरायला जागा उरत नाही. बेन्झोफिनोन आणि त्याच्यासारखी काही संयुगे द्रावणात मंद असून स्फटिकात प्रस्फुरतात, हे रसायनशास्त्रज्ञ बेन झोंग तांग यांच्या गटाने २०१० मध्ये दाखवले. कार्बोनिल गट (कार्बन-ऑक्सिजनची दुहेरी जोडणी) किंवा ब्रोमीनसारखा जड अणू असेल, तर स्पिन उलटणे सोपे जाते.

मात्र या क्षेत्रात शुद्धतेने चांगलाच चकवा दिला आहे. कार्बाझोल आणि त्याच्या संयुगांची दीर्घ चमक बरीच वर्षे त्या रेणूंचाच गुण मानली जाई. सिंगापूरच्या बिन लिऊ यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात कार्बाझोल प्रयोगशाळेत शुद्ध बनवले, तेव्हा ती चमक जवळपास गेली. बाजारातल्या मालात मिसळलेला त्याचाच एक समघटक (तेच अणू, पण वेगळी जोडणी) खरा कर्ता होता.

आता पीळ. दोर वळताना पीळ उजवा पडतो किंवा डावा, आणि दोर उलटा धरला तरी तो बदलत नाही. वर्तुळ ध्रुवित प्रकाशात विद्युत क्षेत्र असेच फिरत पुढे जाते. तो मिळण्यासाठी सहसा रेणू किंवा त्यांची रचना कायरल लागते, म्हणजे आरशातल्या प्रतिमेवर न बसणारी. वरूड-मोर्शी किंवा काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या सालीतले लिमोनीन असे कायरल आहे आणि झाड त्याचे जवळजवळ उजवेच रूप बनवते. गंमत अशी की कायरल नसलेले रेणूही कायरल स्फटिकात रचले जाऊ शकतात. स्फटिकांच्या २३० अवकाशगटांपैकी (म्हणजे रचनेच्या सममितीच्या प्रकारांपैकी) ६५ गटांत हे शक्य असते आणि बेन्झोफिनोन त्यांतल्याच एका गटात स्फटिकतो. अर्थात डावे-उजवे स्फटिक सारख्या प्रमाणात मिसळले, तर भुकटीतला पीळ शून्यावर येतो.

पीळ किती, हे असममिती गुणांकाने मोजतात. तो उणे २ ते अधिक २ यांमध्ये असतो. लहान सेंद्रिय रेणूंसाठी तो बहुधा ०.००१ ते ०.०१. गुणांक ०.०१ म्हणजे हजार प्रकाशकणांत डाव्या-उजव्यांचा फरक अवघा पाचाचा. त्यात स्फटिकाचे द्विअपवर्तन (दिशेनुसार प्रकाश वेगळा वाकवणे) आणि रेषीय ध्रुवण (क्षेत्र न फिरता एकाच रेषेत हलणे) खोटा संकेत निर्माण करू शकतात, त्यामुळे नमुना फिरवून आणि उलटा ठेवून घेतलेली मापे नसतील, तर मोठ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. आरसाप्रतिमा असलेल्या स्फटिकाने विरुद्ध चिन्हाचे माप दिले, तर दावा बळकट होतो.

उपयोगांत बनावट माल ओळखणाऱ्या खुणांचे नाव सर्वांत आधी येते: रंग, रेंगाळणारी चमक आणि पीळ अशी तिहेरी तपासणी. बोगस बियाण्यांनी त्रासलेल्या कापूसपट्ट्याला ही कल्पना पटेल. पण प्रयोगशाळेची ‘खोली’ साधारण २५ अंशांची असते. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाच्या गोदामात त्याहून अधिक. तापमान वाढले की रेणूंची थरथर वाढते, चमक फिकी होते आणि लवकर विझते. शिवाय चमक अंधारात डोळ्यांनी दिसली, तरी पीळ तपासायला पाव-तरंग पट्टी (पिळाच्या प्रकाशाला रेषीय करणारी), ध्रुवक आणि संवेदनशील शोधक लागतो, जो कृषी केंद्राच्या काउंटरवर नसतो.