धोतराच्या निऱ्या कुठं गेल्या?

"भाऊ, आमच्या बाबाच्या धोतराच्या निऱ्याच दिसून नाही राहिल्या!"

घाटंजीकडच्या एका गावात मे महिन्यातल्या लग्नाची डीव्हीडी लावली आणि नवरीच्या भावानं मला हे ऐकवलं. पोराचं खरंच होतं. भर दुपारच्या मांडवात धोतर म्हणजे नुसता पांढरा डाग, आणि नवरदेवाच्या काळ्या कोटाची बटणंही गडप. एडिटिंग करताना माझ्या कॉम्प्युटरवर सगळं नीट दिसत होतं.

अशा वेळी पहिला आळ कोऱ्या डिस्कवर येतो, "स्वस्तातली आणली असशील." ती बिचारी फक्त आकडे साठवते. डिस्क खराब असली तर चित्राचे चौकोन पडतात, ते अडकतं, मध्येच थांबतं. अख्खं लग्न एकसारखं भडक किंवा फिकं होत नाही.

घोळ आकड्यांच्या मोजपट्टीत असतो. उजेडाच्या पायऱ्या 256, म्हणजे 0 ते 255. कॉम्प्युटरवरच्या फोटोत 0 म्हणजे काळा आणि 255 म्हणजे पांढरा. व्हिडिओसाठी मात्र 1982 च्या आंतरराष्ट्रीय मानकानं काळा 16 वर आणि पांढरा 235 वर ठेवला. सिग्नलनं उसळी मारली तरी तो कापला जाऊ नये, म्हणून वर-खाली मोकळी जागा सोडली. डीव्हीडी हीच पट्टी पाळते. पडद्यावर दाखवताना त्यातून 16 वजा होतात आणि उरलेल्या 219 पायऱ्या ताणून 255 केल्या जातात.

आता कापसाची गाडी डोळ्यांसमोर आणा. रिकाम्या गाडीचं वजन घरीच वजा करून आकडा लिहिला, आणि जिनिंगवाल्यानं तो भरल्या गाडीचा समजून पुन्हा वजा केला, तर? माझ्या फाईलचं हेच झालं. सॉफ्टवेअरनं व्हिडिओ एकदा ताणला, डिस्कसाठी फाईल बनवणाऱ्या एन्कोडरनं तो परत 16 ते 235 मध्ये न आवळता तसाच डिस्कवर उतरवला आणि टीव्हीनं पुन्हा ताणला. हिशेब केला तर मूळ 30 च्या खालचं सारं काळंठिक्कर आणि 218 च्या वरचं सारं पांढरंफटक होतं. उन्हातल्या धोतराच्या निऱ्या नेमक्या 220 ते 232 च्या आसपास होत्या!

उलटा घोळही होतो. आधीच आवळलेलं पुन्हा आवळलं, तर काळा 30 वर चढतो, पांढरा 218 वर उतरतो आणि चित्रावर ताकाचं पाणी फिरवल्यासारखं दिसतं. अशी फिकी डिस्क टीव्हीचा कॉन्ट्रास्ट वाढवून बरीचशी सावरते. निऱ्या मात्र कॉन्ट्रास्ट वाढवून परत येत नाहीत.

चोर पकडायचा तर डिस्कवरची व्हीओबी फाईल, म्हणजे डीव्हीडीतली व्हिडिओची फाईल, परत एडिटिंगच्या टाइमलाइनवर मूळ क्लिपशेजारी ठेवा आणि वेव्हफॉर्म, म्हणजे उजेडाचे आकडे दाखवणारा आलेख, बघा. दोन्ही सारखे असतील तर दोष प्लेअरमध्ये, टीव्हीत किंवा मधल्या केबलच्या सेटिंगमध्ये. वेगळे असतील तर क्लिपची आणि एक्सपोर्टची रेंज, म्हणजे 0 ते 255 की 16 ते 235, तपासा. रेंजचा बदल एकाच ठिकाणी व्हायला हवा. चाचणीला पुन्हा पुसता येणारी डिस्क घ्या आणि मांडवातला एक मिनिट पुरे. (अख्ख्या लग्नाच्या 3 डिस्क वाया घालवल्यावर मला हे सुचलं!)

हाय डेफिनिशन कॅमेऱ्याचं चित्र डीव्हीडीत उतरवताना रंगाचं गणितही बदलावं लागतं. ते राहिलं की हळदीची छटा सरकते.

नव्या डिस्कमध्ये निऱ्या दिसल्या, बटणंही. तरी आजी म्हणाल्या, "बाबा निळे काऊन दिसते रे?" टीव्ही रंग भडक आणि पांढरा निळसर करणाऱ्या 'विविड' मोडवर होता. रिमोट नातवाकडे होता आणि नातू शेतात गेला होता.